पहिल्या ग्रेडला टाळ्या मिळत नाहीत

आईबाबांनो,

नवं सत्र सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की वर्गाच्या दाराशी एक प्रश्न हमखास येतो. कुणी हसत विचारतं, कुणी जरा संकोचून: "ताई, डान्स कधी सुरू करणार?" कारण मूल घरी जाऊन दाखवतं काय, तर पाय समांतर ठेवून उभं राहणं, गुडघे वाकवणं, मान सोडून हळूहळू खाली वाकणं आणि दिवाणखान्यात लोळणं. फी भरली समकालीन नृत्याची, आणि बघायला मिळतं हे. आजी म्हणते, लोळायला आम्ही फुकट शिकवलं असतं.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर चपला घालता घालता देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले. सुरुवातीच्या ग्रेडमध्ये परीक्षकाला जे बघायचं असतं, ते पाहुण्यांना दाखवण्यासारखं नसतं. मूल उभं कसं राहतं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं नेतं, न आपटता जमिनीवर कसं जातं, आणि हे करताना श्वास रोखतं की सोडतं, एवढंच तिथे पाहतात. घाई केली की नेमकं हेच राहून जातं. मग चौथ्या-पाचव्या ग्रेडला, अंगात जोर आणि मनात थोडा तोरा आलेला असताना, मागे येऊन गुडघे वाकवायला शिकावं लागतं. त्या वयात ते फार अपमानास्पद वाटतं.

'कंटेम्पररी' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं ते मला ठाऊक आहे. २००९ मध्ये 'डान्स इंडिया डान्स' सुरू झालं आणि परीक्षकांच्या खुर्चीवरच्या टेरेन्स लुईस यांच्यामुळे हा शब्द घराघरात पोचला. माझ्यासारख्या शिक्षकांकडे मुलं येतात यात त्या कार्यक्रमाचा वाटा मोठा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण टीव्हीवर दोन मिनिटांत लोकांना खिळवून ठेवायचं असतं. त्यातून एक समजूत रुजली: रडकं गाणं, विस्कटलेले केस, हवेत उचललेली मुलगी आणि शेवटी कोसळणं. आठ वर्षांच्या पोराला विरहाचा अभिनय करताना पाहिलं की मला कसंसंच होतं. विरह त्याला माहीत नसतो. भुवया आक्रसणं तेवढं माहीत असतं.

आता परीक्षेबद्दल. आपल्या घरात नृत्याची परीक्षा म्हटलं की अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आठवतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, मग विशारद. कथक-भरतनाट्यमची ती वाट मळलेली आहे. तिथे काय विचारतात हे शेजारच्या काकूही सांगतील. समकालीन नृत्याच्या ग्रेड परीक्षांची पद्धत मात्र मुख्यतः ब्रिटनमधून आली. लंडनची इम्पीरियल सोसायटी ऑफ टीचर्स ऑफ डान्सिंग १९०४ सालची, रॉयल अकॅडमी ऑफ डान्स १९२०ची. अकॅडमीचा पाया बॅलेचा, पण ग्रेडची चौकट रुळवली ती अशाच संस्थांनी. मारी रॅम्बर्ट यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली नृत्यसंस्था आजही चालू आहे, आणि रॅम्बर्टच्या नावाच्या ग्रेड तर खास समकालीन नृत्यासाठीच आहेत. तिकडे अशा परीक्षांना सरकारमान्य पात्रतेचा दर्जा असतो: ग्रेड १ ते ३ पहिल्या पातळीवर, ४ आणि ५ दुसऱ्या, ६ ते ८ तिसऱ्या. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मुलांना वरच्या ग्रेडचा विद्यापीठ प्रवेशाच्या गुणांत थोडाफार उपयोगही होतो. इथल्या पालकांनी मात्र दहावीचा हिशेब मनात ठेवून येऊ नये. शास्त्रीय नृत्य-गायन, लोककला, चित्रकला यांच्या वाढीव गुणांची गोष्ट वेगळी. ज्यांना तेच हवं आहे त्यांना मी कथकच्या वर्गाचा पत्ता आनंदाने देते.

तर पहिला धडा उभं राहण्याचा. अनवाणी. दोन्ही पावलं समांतर, बोटं सरळ पुढे. अंगठ्याखालचा उंचवटा, करंगळीखालचा उंचवटा आणि टाच, तिन्हींवर वजन सारखं. ऐकायला किती सोपं! पण शाळेतून थेट आलेली मुलं बघा. एक नितंब बाहेर काढून एका पायावर रेललेली, दप्तराच्या ओझ्याने मान पुढे आलेली. काहींचे गुडघे मागे ढकललेले, इतके की पाय बाजूने पाहिला तर धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. अशा मुलांना 'गुडघे सरळ करा' म्हटलं की ती आणखी मागे ढकलतात. त्यांना गुडघा 'थोडा वाकलाय' असं वाटतं तेव्हा तो खरा सरळ असतो. ही जाणीव बसायला महिने लागतात, आणि त्या महिन्यांत बाहेरून बघणाऱ्याला काहीही घडताना दिसत नाही.

मग गुडघे वाकवणं. बॅलेतून आलेला शब्द प्लिए. आमच्या वर्गातही तोच चालतो. टाचा जमिनीवर, गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत, पाठ उभी. पाय बाहेर वळवून केला तर वळण मांडीच्या खुब्यातून यायला हवं. मुलं पटकन पावलं बाहेर फेकतात आणि गुडघे आत पडतात. पाय छान वळलेले दिसतात, फोटो चांगला येतो, आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला रोज थोडा पीळ बसत राहतो. म्हणून बऱ्याच वेळा मी मुलांचं वळण कमी करते. "आधीच्या क्लासमध्ये तर तिचे पाय पूर्ण वळायचे," असं एका आईने तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं. पाय वळत होते हे खरं, पण घोट्यातून.

उडीचं सगळं रहस्यही याच प्लिएत आहे. उडी किती उंच गेली यापेक्षा ती उतरली कशी हे परीक्षक ऐकतात. हो, ऐकतात. बोटं, चवडा, टाच, आणि लगेच गुडघे मऊ. धप्प असा आवाज आला की समजायचं, वजन स्नायूंनी झेललं नाही, हाडांवर आदळलं. घरी मुलाने उड्या मारून दाखवल्या तर डोळे मिटून ऐका. परीक्षकाच्या कामाचा एक भाग तुम्हाला फुकटात कळेल.

कण्याचं काम यापुढे, आणि समकालीन नृत्य खरं वेगळं होतं ते इथे. मान सोडून एकेक मणका खाली आणत वाकायचं आणि तसंच एकेक मणका रचत वर यायचं, याला आम्ही रोल-डाउन म्हणतो. पालकांना यात हात जमिनीला टेकतात का तेवढंच दिसतं. हात टेकणं हा मुद्दाच नाही. गुडघे थोडे वाकले तरी चालतील, पण पाठ तुकड्या-तुकड्याने हलली पाहिजे. कित्येक मुलांचा पाठीचा मधला भाग एकसंध पाटच असतो. मान वाकते, कंबर वाकते, मधलं काही हलत नाही. तिथे जान यायला वेळ लागतो.

त्याच्या पोटातच दुसरी गोष्ट आहे, मार्था ग्रॅहमची. १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिने आपली नृत्यमंडळी उभी केली आणि श्वासाचा आत-बाहेर प्रवास हाच हालचालीचा उगम मानला. श्वास सोडताना ओटीपोटापासून कणा मागे गोलावतो, ते कॉन्ट्रॅक्शन. श्वास घेताना तो पुन्हा लांबतो, तो रिलीज. लहान ग्रेडला हे बहुधा बसूनच करून घेतात. मुलं काय करतात, तर पोट आत ओढतात, खांदे गोल करतात आणि श्वास धरून ठेवतात. तिन्ही चूक. कॉन्ट्रॅक्शनमध्ये माणूस आखडून लहान होत नाही, पाठीमागे त्याची लांबी वाढते. हे मोठ्यांनाही समजायला जड जातं, म्हणून सात वर्षांच्या मुलीला ते एका महिन्यात जमलं नाही तर कृपा करून काळजी करू नका.

लॉस एंजेलिसच्या लेस्टर हॉर्टनने याच्या उलटं टोक दिलं: फ्लॅट बॅक. पाठ सपाट ठेवून कंबरेतून न मोडता खुब्यातून पुढे झुकायचं. पुढे जगप्रसिद्ध झालेला ॲल्विन एली त्याच्याच हाताखाली तयार झाला. गोलावणं आणि सपाट ठेवणं, या दोन्हींतला फरक आरशात न बघता आतून ओळखता आला की पहिल्या ग्रेडचं अर्धं काम झालं, असं मी समजते.

कथक किंवा भरतनाट्यम शिकून आलेल्या मुलांची इथे गंमत होते. लयीत ती बाकीच्यांच्या कितीतरी पुढे असतात. तीन मोजून चालायचा एक प्रकार असतो, ट्रिपलेट. पहिलं पाऊल गुडघा वाकवून खाली, पुढची दोन चवड्यांवर वर. पाश्चात्त्य संगीताच्या तीनच्या मोजणीत नवखी मुलं अडखळतात. दादरा अंगात मुरलेली मुलगी दोन आवर्तनांत ते पकडते. पण तिचा कणा मात्र हलायला तयार नसतो. वर्षानुवर्षं पाठ उभी ठेवायची शिस्त अंगात भिनलेली, आता ही ताई म्हणते पाठ सोड. त्यात गैर काही नाही, दोन्ही शिकता येतं. एकाच आठवड्यात दोन्ही परीक्षा ठेवू नका, एवढंच सांगेन. मल्लखांब करणाऱ्या मुलांचं वेगळं: हातांवर वजन घ्यायला ती डरत नाहीत, पण प्रत्येक हालचालीच्या शेवटी पोझ देऊन थांबतात. टाळ्यांची सवय, दुसरं काय.

आता लोळण्याकडे येते, कारण सर्वांत जास्त शंका त्यावरच असतात. डोरिस हम्फ्री नावाची ग्रॅहमच्याच पिढीतली नृत्यांगना होती. माणूस तोल सोडतो आणि सावरतो, या मधल्या जागेत नृत्य असतं, हा तिचा विचार; मेक्सिकोत जन्मलेल्या होसे लिमोनने तो पुढे वाढवला. त्यातून आले झोके: हात, धड, डोकं वजनाने खाली पडू द्यायचं आणि त्याच वेगाने पलीकडे वर येऊ द्यायचं. मोठ्या माणसाचं डोकंच चार-पाच किलोचं असतं. ते वजन वापरायचं, धरून ठेवायचं नाही. मुलांना हे अवघड जातं, कारण जन्मापासून आपण त्यांना 'पडशील!' एवढंच सांगत आलो. वर्गात मी म्हणते, पड. ती आधी तुमच्याकडे, म्हणजे दाराकडे बघतात.

पडण्याला रस्ता असतो. गुडघ्याची वाटी जमिनीवर कधीच आदळायची नाही. पोटरीची बाहेरची बाजू, मांडी, नितंब, मग कुशीवरून पाठ. जिथे मांस आहे तिथून जायचं, जिथे हाड वर आहे ते टाळायचं. हात आधाराला येतो पण कोपर कडक नसतं. परत उठताना तोच रस्ता उलटा. सुरुवातीच्या ग्रेडला परीक्षक हा प्रवास फार बारकाईने बघतात. लोळताना मान आखडली की दिसतं, श्वास थांबला की दिसतं, आणि पुढचं आठवत नाही म्हणून डोळे सैरभैर झाले की तेही दिसतं.

म्हणूनच वर्ग निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या बघण्याआधी खाली जमीन बघा. आपल्याकडे बहुतेक हॉलमध्ये शहाबादी नाहीतर चकचकीत टाइल असते, खाली थेट काँक्रीट. त्यावर वर्षभर उड्या मारणं आणि लोळणं वाढत्या हाडांना मानवत नाही. लाकडी, खाली पोकळी ठेवून बसवलेली, किंचित दबणारी जमीन उत्तम. ती बांधायला खर्च फार येतो आणि सगळ्यांना परवडत नाही, हे मी स्वतः भोगलं आहे. निदान टाइलवर लाकडी थर आणि त्यावर नृत्यासाठीचं विनाइल तरी असावं. नुसत्या सतरंजीवर पाय सरकतो, ती नको. शिक्षकाला विचारायला लाजू नका.

आणि स्प्लिट. हा विषय टाळून चालणार नाही. मोबाइलवर परदेशातल्या चिमुरड्या मुली एक पाय कानाला लावून उभ्या दिसतात आणि आपल्याला वाटतं, आपली मुलगी मागे पडली. सुरुवातीच्या ग्रेडला पाय किती वर गेला याला फारसं मोल नाही. उभा पाय, खुबे आणि पाठ हललं नाही ना, याला आहे. दोन खुर्च्यांमध्ये पाय ठेवून स्प्लिट ताणणं, पाठीवर बसून मुलाला दाबणं, हात धरून पाय डोक्याकडे ओढणं, हे घरी करू नका आणि कुणी वर्गात करत असेल तर मूल काढून घ्या. मी हे सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

काही मुलं मुळातच फार लवचिक असतात. अंगठा मनगटाला लागतो, कोपर उलटं वळतं. लोक म्हणतात, जन्मजात डान्सर. खरं तर अशा मुलांना ताणण्याची नव्हे, ताकदीची गरज जास्त असते, कारण त्यांचे सांधे सैल असतात आणि थांबायचं कुठे हे शरीर त्यांना वेळेत सांगत नाही. त्यांच्याकडून मी पाय कमी उचलून जास्त वेळ धरून ठेवून घेते. ती वैतागतात.

उंची झपाट्याने वाढायचा काळ मुलींत साधारण अकरा-बाराच्या सुमारास, मुलग्यांत त्यानंतर एक-दोन वर्षांनी येतो. तेव्हा हाडं पुढे पळतात, स्नायू मागून येतात. काल जमणारं आज जमत नाही, तोल जातो, वाकणं कमी होतं. पालकांना वाटतं मुलाचं लक्ष उडालं. नाही हो, पायच लांब झाले आहेत! याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखणं अनेक मुलांना होतं. दुसऱ्या दिवशी मांड्या-पोटऱ्या आंबलेल्या असणं वेगळं. पण एका ठरावीक जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, मूल लंगडत असेल, सांधा सुजला असेल किंवा दुखण्याने रात्री जाग येत असेल, तर बाम चोळून परीक्षेला पाठवू नका. डॉक्टरांना दाखवा. परीक्षा पुढे ढकलता येते.

घरी सराव किती? लहान ग्रेडला दहा मिनिटं पुरतात, पण जवळजवळ रोज. उभं राहणं, प्लिए, एक-दोन रोल-डाउन, आणि परीक्षेच्या क्रमातला एखादाच तुकडा. कडक ताण अंग गरम झाल्यावरच. आधी थोडं चालून-नाचून घ्या. व्हिडिओ काढून तो मावशीला पाठवू नका. चित्रीकरण सुरू झालं की मूल हसतं, हनुवटी वर करतं आणि कण्याचं काम सोडून देतं, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सराव बघायचाच असेल तर शेजारी बसून भाजी निवडा. नजर असली तरी पहारा वाटायला नको.

रॅम्बर्टसारख्या काही अभ्यासक्रमांत तंत्र आणि सादरीकरणाबरोबर मुलाने स्वतः काही रचण्याचा भागही असतो. एखादी कल्पना घेऊन छोटीशी हालचालींची मालिका बांधायची. इथे तुमचा हात शिवशिवतो, मला माहीत आहे. यूट्यूबवर बघून आईने बसवून दिलेली मालिका मला चार पावलांत ओळखू येते, मग परीक्षकाला का येणार नाही? मोठ्यांच्या रचनेत सुरुवात, मध्य, शेवट नीट असतो आणि हात फार सुंदर फिरतात. मुलाच्या रचनेत ते अर्ध्यातून उठून भलतीकडेच पळतं. मुलाला मदत करायचीच असेल तर प्रश्न विचारा: इथून तिथे कसा गेलास? जमिनीवर न जाता जमलं असतं का? हळू केलं तर काय होईल? उत्तर त्याच्या अंगातून येऊ द्या.

काही गोष्टी दारात बोलता येत नाहीत, त्या इथे सांगून टाकते. परीक्षेचे कपडे अंगासरशी असतात, कारण पाठ आणि गुडघे दिसायला हवेत. ज्या मुलींची पाळी सुरू झाली आहे किंवा होण्याच्या सुमारास आहे, त्यांच्यासाठी गडद रंगाची आखूड चड्डी वरून घालायची सोय आहे का, हे आधी विचारून ठेवा. मुलीला स्वतः विचारायला लावू नका. पैंजण, बांगड्या, मनगटावरचे दोरे, घड्याळ काढलेलंच बरं, लोळताना तेच टोचतात. नखं कापा. वर्गाआधी तासभर पोटभर वडापाव नको. केळं, थोडे पोहे, पाणी. आणि मुलांसमोर कुणाच्याही अंगाबद्दल बोलू नका, कौतुकानेही नाही. 'ती बघ किती बारीक आहे' हे वाक्य तुम्ही विसरता. तुमची मुलगी विसरत नाही.

मुलग्यांच्या वडिलांशी दोन शब्द. तुमच्या मुलाला नाचायचं आहे आणि आजोबा गप्प आहेत, हे चित्र नवं नाही. उदयशंकर यांनी १९३८ मध्ये अल्मोड्याला नृत्यकेंद्र काढलं, १९४८ मध्ये 'कल्पना' हा अख्खा चित्रपट नृत्यात उभा केला. नवसारीत जन्मलेले आणि मुंबईत स्थिरावलेले अस्ताद देबू लहानपणी कथक शिकले, तरुणपणी जग फिरले, लंडनमध्ये ग्रॅहमचं तंत्र शिकले, परत येऊन कथकळी शिकले आणि त्यातून त्यांनी फक्त आपली अशी भाषा घडवली. ऐकू न येणाऱ्या मुलांबरोबर त्यांनी केलेलं काम पाहिलेली माणसं आजही ते विसरत नाहीत. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० च्या डिसेंबरात ते गेले. समकालीन नृत्य टीव्हीवरून आलं असं समजणाऱ्यांनी हा काळ जरा तपासून बघावा. आजोबांना ही नावं सांगा. उदयशंकरांचं नाव तुमच्यापेक्षा त्यांनाच माहीत असण्याची शक्यता जास्त आहे.

परीक्षेचा दिवस तुमच्या कल्पनेपेक्षा शांत असतो. मुलं दोन-तीन-चारच्या गटाने आत जातात. पालक बाहेर, बहुतेक ठिकाणी शिक्षकही बाहेर. आत परीक्षक असतात, संगीत लावणारं कुणीतरी असतं. परीक्षक लिहीत असतात, म्हणून त्यांचा चेहरा खाली असतो. हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर 'त्या बाईंना माझं आवडलं नाही' असं म्हणत मूल बाहेर येतं. पुढचं आठवलं नाही तर थांबून माफी मागायची नाही. शेजाऱ्याबरोबर पुन्हा लयीत यायचं. सावरणं हाही तंत्राचाच भाग आहे. दाराबाहेर शेवटच्या मिनिटाला सूचना देऊ नका. केस नीट आहेत, पाणी पिऊन झालं आहे, पुरे.

आणि गुण. इथे मराठी घरांचा सर्वांत मोठा गोंधळ होतो. शंभरापैकी ६२ आले की घरात सुतकी शांतता पसरते, कारण आपल्या डोक्यात शाळेचे ९४ टक्के बसलेले असतात. रॉयल अकॅडमीच्या ग्रेड परीक्षांचं उदाहरण घ्या: ४० ला उत्तीर्ण, ५५ पासून मेरिट, ७५ पासून डिस्टिंक्शन. म्हणजे ६२ हे मेरिट झालं, चांगलं मेरिट. प्रत्येक संस्थेची मोजपट्टी वेगळी, म्हणून निकाल हातात घेण्याआधी ती समजून घ्या. आकड्यापेक्षा भागवार गुण बघा. संगीताची जाण चांगली आणि तंत्र कमी, की उलट, हे त्यातून कळतं, आणि पुढच्या सत्रात काय करायचं तेही.

प्रत्येक मुलाने परीक्षा द्यावीच, असं मला वाटत नाही. काही मुलांना ठरलेला क्रम पाठ करण्यात आनंद मिळतो, तारीख समोर असली की ती फुलतात. काही तशीच छान शिकतात आणि परीक्षेच्या महिन्यात कोमेजतात. दुसऱ्या प्रकारच्या मुलांनी वर्षभर नुसतं शिकावं. वर्ग चालवणाऱ्यांना हे सोयीचं नसतं, कारण परीक्षेची फी, गणवेश, जादा तास यांवर बऱ्याच वर्गांचं गणित बसलेलं असतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी सगळा खर्च एकदम विचारा. आणि 'तिला आत्ता का बसवताय?' हेही विचारा. ज्या शिक्षकाला याचं उत्तर तुमच्या मुलीच्या पावलांबद्दल, पाठीबद्दल, श्वासाबद्दल बोलून देता येतं, त्याच्यावर विश्वास ठेवा. जो म्हणतो 'सगळेच बसतायत', त्याला पुढच्या सत्राचं सांगा.

पहिला ग्रेड झाल्यावर लगेच दुसऱ्याचा अर्ज भरायचा आग्रह अनेक पालक धरतात. मी साधारणपणे एक सत्र मध्ये सोडते. त्यात परीक्षेचं संगीत अजिबात लावत नाही. तेच प्लिए, तेच झोके, तेच पडणं, पण वेगळ्या लयीवर, कधी नुसत्या ढोलकीवर, कधी काहीच न लावता. परीक्षेच्या संगीतावर सुरेख करणारी मुलं यात गडबडतात, आणि कुणाला तंत्र आलंय, कुणाला फक्त क्रम पाठ झालाय, हे मला कळतं. यंदा हे सत्र जूनमध्ये सुरू होईल. ज्यांना अर्जाची घाई आहे त्यांनी त्याआधी एका शनिवारी वर्गात येऊन मागे बसावं. मुलांना काही सांगू नये, मोबाइल पिशवीत ठेवावा.